घोड्याची तुकतुकी आणि मूठभर जवस

मार्गशीर्ष लागला की नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्ताची जत्रा भरते. तापीच्या काठी घोड्यांचा मोठा बाजार लागतो. तिकडे नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची जत्रा भरते. तिथेही घोडे, गाढवे, उंट येतात. अशा बाजारात जाणकार माणूस घोडा कसा पाहतो, ते तुम्ही पाहिले असेल. तो आधी दात पाहतो. मग पाय पाहतो, खूर पाहतो. घोडा चालवून पाहतो. आणि मग मानेवरून, पाठीवरून सावकाश हात फिरवतो. हात गुळगुळीत सरकला, ऊन पडून केस चमकले, की तो मान डोलावतो. केस राठ लागले, हाताला कोंडा लागला, की तो पुढच्या घोड्याकडे वळतो.

हा जाणकार काही चुकत नाही. कातडी आणि केस म्हणजे घोड्याच्या तब्येतीची पाटी. पोटात जे घडते ते या पाटीवर उमटते. मात्र पाटीवर काय लिहिले आहे ते नीट वाचता आले पाहिजे. नाहीतर दुखणे एकीकडे आणि औषध दुसरीकडे, असे होते.

घोड्याच्या केसांना चमक यावी म्हणून जवस देण्याची चाल जुनी आहे. जवसाला कुठे अळशीही म्हणतात. ही चाल चांगली आहे. पण जवस किती द्यावे, कसे द्यावे आणि कधी देऊ नये, हे ठाऊक नसेल तर फायद्याऐवजी नुकसान होते. तेच आज आपण समजून घेऊ.

डब्यावरची अक्षरे

आमच्या ओळखीचे एक घोडेवाले काका आहेत. त्यांच्याकडे एक पांढरी घोडी आहे. लग्नसराईत ती वरातीला जाते. लग्नसराईच्या चार महिन्यांतल्या कमाईवर घरचे वर्षभराचे चालते. म्हणजे घोडी हेच त्यांचे शेत.

एका वर्षी होळीच्या सुमारास घोडीचे अंग उतरले. केस राठ झाले. शेपटीच्या मुळाशी केस तुटले. घोडी उठसूट खांबाला अंग घासू लागली. काका काळजीत पडले. अशा घोडीला वरातीला कोण बोलावणार?

बाजारात कोणीतरी सांगितले, "अळशीचं तेल पाजा तिला. आठ दिवसांत आरशासारखी होईल."

काकांचा मुलगा दुसऱ्याच दिवशी तालुक्याला गेला. रंगाच्या दुकानातून अळशीच्या तेलाचा डबा घेऊन आला.

"आबा, तेल आणलं. स्वस्तात मिळालं," तो म्हणाला.

काकांनी तेल पाजायची नळी हातात घेतली. तेवढ्यात काकू पुढे आल्या. काकू त्या वर्षी रात्रीच्या साक्षरता वर्गाला जात होत्या. दिसेल ते अक्षर वाचायचे, अशी त्यांना सवय लागली होती. त्यांनी डबा फिरवला आणि एकेक अक्षर लावून वाचले. "रं-ग-का-मा-साठी. खा-ण्या-साठी नाही."

"अहो, थांबा," काकू म्हणाल्या. "हे खायचं तेल नव्हे. दाराला लावायचं आहे."

काका थांबले. डबा घेऊन ते आमच्याकडे आले. आम्ही सगळेच तो डबा घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी डबा पाहिला आणि म्हणाले, "काका, घोडी वाचली तुमची. वहिनींना साडी घ्या."

असे ते का म्हणाले? रंगकामाचे तेल लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंचे क्षार मिसळतात. दारा-खिडक्यांना ते ठीक. घोड्याच्या पोटात ते विष. आणि घोड्याची एक अडचण अशी, की त्याला ओकारी होत नाही. माणसाने वाईट खाल्ले तर उलटी होऊन थोडे तरी बाहेर पडते. घोड्याला ती सोयच नाही. एकदा पोटात गेले ते गेले.

आधी घोडी तपासली

डॉक्टरांनी जवसाचे नावसुद्धा काढले नाही. आधी त्यांनी घोडी तपासली. केस राठ होण्याची कारणे पुष्कळ असतात. ती एकेक करून पाहावी लागतात.

पहिले कारण उवा, गोचीड आणि खरूज. अयाळीच्या आणि शेपटीच्या मुळाशी केस बाजूला करून पाहावे. उवा बारीक असतात. उजेडात नीट पाहिले तरच दिसतात.

दुसरे कारण जंत. जंत झाले की खाल्लेले अंगी लागत नाही. पोट मोठे दिसते, फासळ्या दिसतात, केस उभे राहतात.

तिसरे कारण दात. घोड्याच्या दाढा झिजताना त्यांना धारदार कडा येतात. त्या गालाला लागतात. मग घोडा नीट चावत नाही. चंदी खाताना तोंडातून दाणे गळतात. लिदीत अख्खे दाणे दिसतात. अशा घोड्याला कितीही खाऊ घाला, निम्मे वाया.

चौथे कारण गजकर्ण. केस गोल गोल जागी जातात. हे एका घोड्याचे दुसऱ्याला होते. खरारा, खोगीर, झूल यांवाटे ते पसरते. माणसालाही होते.

पाचवे कारण उपासमार. काम पुष्कळ आणि वैरण थोडी. याला औषध एकच, आणि ते म्हणजे पोटभर चारा.

आणखी एक दुखणे आहे. ते फार वाईट. त्याचे नाव ग्लँडर्स. यात नाकातून पूसारखा शेंबूड येतो. कातडीखाली गाठी येतात, त्या फुटतात, त्यांच्या जखमा होतात. पायावर या गाठी माळेतल्या मण्यांसारख्या ओळीने दिसतात. हा रोग घोड्यापासून माणसालाही होतो आणि माणूसही दगावतो. २००६ साली आपल्या महाराष्ट्रातही हा रोग आढळला होता. अशी गाठ दिसली तर घरगुती उपाय करू नये. जखमेला हात लावू नये. घोडा वेगळा बांधावा आणि लगेच सरकारी दवाखान्यात कळवावे. लपवू नये. लपवणारा आपल्याच लेकराबाळांना धोक्यात घालतो.

काकांच्या घोडीला काय निघाले? शेपटीच्या मुळाशी उवा निघाल्या आणि पोटात जंत निघाले. डॉक्टरांनी दोन्हींवर औषध दिले. दाढांच्या कडा घासून दिल्या. मग म्हणाले, "आता जवस द्या. चांगलं आहे ते. पण मी सांगतो तसं द्या."

केस कशाने चमकतात?

घोड्याच्या कातडीत केसांच्या मुळाशी तेलाच्या बारीक पिशव्या असतात. त्यांतून तेल पाझरते. ते केसांवर पसरते. केसांवरचे खवले चपटे बसतात. मग ऊन पडले की केस चमकतात. हे तेल कमी पडले की केस कोरडे होतात, कातडीला कोंडा येतो आणि खाज सुटते.

पावसाळ्यात घोडा हिरव्या कुरणात चरतो. तेव्हा त्याच्या अंगावर आपोआप तुकतुकी येते. का बरे? हिरव्या गवतात तेल थोडेच असते, पण ते फार गुणाचे असते. त्या गुणाच्या तेलाला शास्त्रज्ञ ओमेगा तीन म्हणतात. नाव अवघड आहे, पण काम सोपे आहे. ते कातडी मऊ ठेवते आणि अंगातली सूज, दाह कमी करायला मदत करते.

गवत वाळले की हे तेल पुष्कळ उडून जाते. उन्हाळ्यात घोड्याच्या वाट्याला काय येते? कडबा, वाळले गवत, कोंडा, भरडा, हरभरा. पोट भरते. पण ते गुणाचे तेल मिळत नाही. ही उणीव जवस भरून काढते.

जवसात काय असते?

जवस हे आपल्या ओळखीचे पीक. विदर्भात आणि मराठवाड्यात ते रब्बीत घेतात. निळ्या फुलांनी शेत भरून जाते. आपण त्याची चटणी करतो. घाण्यावर तेल काढतो, पेंड जनावरांना घालतो.

१०० ग्रॅम जवस घेतले तर त्यात ३५ ते ४० ग्रॅम तेल असते. या तेलातला निम्म्याहून अधिक भाग त्या ओमेगा तीनचा असतो. हरभरा, ज्वारी, बाजरी, मका यांत हे फारच थोडे असते. शिवाय जवसात सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. केस हे प्रथिनांचेच बनतात. आणि जवसाच्या सालीत एक चिकट पदार्थ असतो. जवस उकळले की तो सुटतो आणि पाणी दाट, बुळबुळीत होते. आतड्याला तो मऊपणा देतो.

कातडीला जवसाचा उपयोग होतो का, हे शास्त्रज्ञांनीही पाहिले आहे. काही घोड्यांना बारीक माशा चावल्या की अंगभर खाज सुटते. ते अयाळ आणि शेपूट घासून घासून रक्त काढतात. कॅनडात अशा ६ घोड्यांवर एक प्रयोग झाला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. त्या घोड्यांना ४२ दिवस दळलेले जवस दिले. मग त्या माशीचा अर्क कातडीत टोचून पाहिला. जवस खाताना सूज कमी आली. घोडे सहाच होते, हे खरे. सहा घोड्यांवरून जगातल्या सगळ्या घोड्यांचे सांगता येत नाही. पण जुन्या लोकांची चाल अगदीच पोकळ नव्हती, एवढे यातून दिसते.

मात्र जवस म्हणजे जादू नव्हे. उवा जवसाने मरत नाहीत. जंत पडत नाहीत. गजकर्ण बरे होत नाही. जवस हा आहार आहे. औषधाच्या जागी आहार चालत नाही.

जवसातला धोका

आता नीट लक्ष द्या. जवसात एक खोडी आहे.

कच्च्या जवसात दोन वस्तू असतात. त्या दाण्यात वेगवेगळ्या जागी असतात. एका वस्तूत विष दडलेले असते. दुसरी वस्तू विरजणासारखे काम करते. दाणा अखंड आणि कोरडा आहे तोवर दोघींची गाठ पडत नाही. पण दाणा भरडला, त्यावर कोमट पाणी घातले आणि तसाच ठेवला, की दोघी एकत्र येतात. मग ते विष मोकळे होते. या विषाला सायनाइड म्हणतात. ते श्वास कोंडून मारते.

काही लोक काय करतात? रात्री भरडलेले जवस कोमट पाण्यात भिजत घालतात. वर झाकण ठेवतात. सकाळी तसेच घोड्यापुढे ठेवतात. त्यांना वाटते, भिजवले म्हणजे पचायला हलके झाले. पण नेमके हेच करू नये.

यावर उपाय सोपा आहे. पाणी खळखळ उकळू द्यावे आणि मग त्यात जवस टाकावे. उकळीने ते विरजण मरते. विरजणच मेले तर दही कसे लागणार? जे थोडे विष मोकळे होते ते वाफेबरोबर निघून जाते. म्हणून उकळताना भांड्यावर झाकण ठेवू नये आणि वाफेवर तोंड धरू नये.

दुसरा उपाय म्हणजे जवस कोरडे दळावे आणि लगेच चंदीत मिसळून द्यावे. मधे भिजत ठेवू नये. घोड्याच्या जठरात तीव्र आम्ल असते. ते त्या विरजणाला काम करू देत नाही. म्हणून थोडे, ताजे, कोरडे दळलेले जवस घोड्याला चालते. पण "थोडे" हा शब्द विसरू नका.

द्यायच्या दोन रीती

पहिली रीत उकळून द्यायची. एक वाटी जवस असेल तर सहा ते आठ वाट्या पाणी घ्या. पाण्याला उकळी आली की जवस त्यात सोडा. पंधरा-वीस मिनिटे उकळा. तळाला लागू नये म्हणून ढवळत राहा. दाणे फुगून फुटतील आणि खळीसारखे दाट होईल. मग उतरवा आणि पूर्ण गार होऊ द्या. गार झाले की कोंड्यात किंवा भरड्यात कालवून द्या. जेवढे लागेल तेवढेच शिजवा. उरलेले दुसऱ्या दिवशी देऊ नका. उन्हाळ्यात ते लवकर आंबते.

दुसरी रीत दळून द्यायची. अख्खा दाणा बारीक आणि गुळगुळीत असतो. पुष्कळसे दाणे न चावताच पोटात जातात आणि लिदीवाटे तसेच बाहेर पडतात. म्हणून दळणे बरे. घरच्या मिक्सरवर किंवा खलबत्त्यात भरड दळावे. तोबऱ्यात घालण्याआधी चंदीत मिसळावे.

एकदम महिन्याचे दळून ठेवू नका. रंगाचे तेल वाळते का, हे आठवा. जवसाच्या तेलाला हवा लागली की ते बदलते. भिंतीवर ते वाळून कडक होते. डब्यातल्या पिठात तेच तेल खवट होते. एकच गुण, पण एके ठिकाणी उपयोगाचा आणि दुसऱ्या ठिकाणी घातक. म्हणून दोन-तीन दिवसांपुरतेच दळावे. घट्ट झाकणाच्या डब्यात, गार जागी ठेवावे. वास घ्यावा. ताज्या जवसाला सुका मेवा फोडल्यासारखा छान वास येतो. रंगासारखा किंवा कडवट वास आला तर फेकून द्यावे. अख्खे जवस मात्र कोरड्या जागी पुष्कळ महिने टिकते.

किती द्यावे?

हे घोड्याच्या वजनावर ठरते. १०० किलो वजनामागे रोज २० ते २५ ग्रॅम जवस पुरते. २०० किलोच्या तट्टाला ४० ते ५० ग्रॅम. ४०० किलोच्या मोठ्या घोड्याला ८० ते १०० ग्रॅम.

पण वजन कसे कळणार? घोडा तराजूत बसत नाही. त्यावर एक युक्ती आहे. शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. दोन्ही मापे सेंटिमीटरमध्ये घ्या. घेराला घेराने गुणा. आलेल्या आकड्याला लांबीने गुणा. मग ११,८७७ ने भागा. उत्तर येईल ते किलो.

उदाहरण पाहू. समजा, घेर १४० आहे आणि लांबी १३०.
१४० गुणिले १४० म्हणजे १९,६००.
१९,६०० गुणिले १३० म्हणजे २५,४८,०००.
त्याला ११,८७७ ने भागले की सुमारे २१५ येते.
म्हणजे हे तट्टू २१५ किलोच्या आसपास आहे. त्याला रोज ५० ग्रॅम जवस पुरे. ३० दिवसांना दीड किलो लागेल. हिशेब जड वाटला तर शाळेत जाणाऱ्या मुलाला जवळ बसवा. त्याचाही अभ्यास होईल.

किराणा दुकानात एकदा ५० ग्रॅम जवस तोलून घ्या. दळून ते एका वाटीत घाला आणि वाटीला खूण करा. मग रोज तराजू नको.

सुरुवात मात्र हळू करा. घोड्याच्या पोटाची रचना आपल्याहून वेगळी आहे. माणसाला आणि गाईला पित्ताची पिशवी असते. तेलकट खाल्ले की त्या पिशवीतून पित्त येते. घोड्याला ही पिशवी नाही. त्याचे पित्त सारखे थोडे थोडे वाहते. म्हणून त्याला एकदम तेलकट सोसत नाही. शिवाय चारा पचवणारे कोट्यवधी सूक्ष्म जीव त्याच्या मोठ्या आतड्यात असतात. खाणे एकदम बदलले की ते बिघडतात. मग पोटशूळ उठतो. घोडा लोळतो, पोटाकडे वळून पाहतो, घामाघूम होतो. पोटशुळाने चांगला तगडा घोडा एका रात्रीत जातो.

म्हणून पहिले तीन दिवस १० ग्रॅमच द्या. पुढचे तीन दिवस २० ग्रॅम. असे दर तीन दिवसांनी १० ग्रॅम वाढवा. तेराव्या दिवशी ५० ग्रॅम होतील. लीद पातळ झाली तर थांबा आणि थोडे कमी करा. घोडी गाभण असेल, घोडा आजारी असेल किंवा त्याला पूर्वी पोटशूळ झाला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

हे कधीही देऊ नका

रंगाच्या दुकानातले तेल देऊ नका, हे तर काकूंनी शिकवलेच.

पेरणीसाठी आणलेले बियाणे देऊ नका. त्याला कीड-बुरशीचे औषध चोळलेले असते. कधी त्याला रंग दिलेला असतो, कधी नसतो. पिशवी वाचा. खायचे जवस किराणा दुकानातून किंवा आपल्याच शेतातले घ्या.

बुरशी आलेले, ओले झालेले जवस देऊ नका.

जवसाची कच्ची पेंड भिजवून तशीच ठेवू नका. दाण्यातली खोडी पेंडीतही राहते. शिवाय पेंडीतले बरेचसे तेल घाण्यात निघून गेलेले असते. पेंड प्रथिनांसाठी चांगली, पण तुकतुकीसाठी दाणाच बरा.

चमकेसाठी कोणी सोमल द्या म्हटले तर हात जोडा. पूर्वी युरोपात काही लोक घोड्याला सोमल देत. घोडा चार दिवस चमकायचा. पण सोमल म्हणजे विषच.

खरजेवर गाडीचे जळके तेल चोळतात, तेही चुकीचे. कातडी भाजते, आणि घोडा ते चाटतो.

जवसाबरोबर आणखी काय?

नुसत्या जवसावर भरवसा ठेवू नका. आधी पोट भरले पाहिजे. २१५ किलोच्या तट्टाला रोज चार ते पाच किलो कोरडी वैरण तरी हवी. काम जास्त असेल तर आणखी हवी. जमेल तेव्हा हिरवे गवत, लसूणघास द्यावा. स्वच्छ पाणी दिवसातून अनेक वेळा दाखवावे. मिठाचा खडा गव्हाणीत ठेवावा. घामावाटे घोड्याचे मीठ पुष्कळ जाते.

आणि रोज खरारा करावा. खरारा म्हणजे नुसती धूळ झाडणे नव्हे. खराऱ्याने कोंडा, घाम, मेलेले केस निघतात. कातडीत रक्त खेळते. मुळाशी असलेले तेल केसाच्या टोकापर्यंत पसरते. जवस आतून तेल देते आणि खरारा ते बाहेर पसरवतो. शिवाय खरारा करताना आपला हात रोज घोड्याच्या सगळ्या अंगावरून फिरतो. गोचीड, गाठ, खोगिराचा घट्टा त्याच दिवशी कळतो.

घोडीचे पुढे काय झाले?

काकांनी सांगितल्याप्रमाणे सगळे केले. काकूंनी भिंतीवर कोळशाने तारखा लिहिल्या. कोणत्या दिवशी किती ग्रॅम, तेही लिहिले. पंधरा दिवस झाले तरी फरक दिसेना.

मुलगा म्हणाला, "आबा, काही उपेग नाही. उगाच पैसे चाललेत."

काकू म्हणाल्या, "अरे, डोक्याला तेल लावलं की लगेच चमकतं. पोटातून घातलं की वेळ लागणारच की."

काकूंचे बरोबर होते. बाहेर आलेला केस बदलत नाही. नवा केस मुळापासून यावा लागतो. म्हणून सहा ते आठ आठवडे तरी वाट पाहावी लागते. पहिल्या महिन्यात खाज थांबली. ते उवांच्या औषधाचे काम. मग अंग भरले. ते जंताच्या औषधाचे आणि घासलेल्या दाढांचे काम. दीड महिन्यानंतर जुने केस खराऱ्यात भराभर गळू लागले आणि खालून नवे, मऊ केस आले. त्यात जवसाचा वाटा होता. कोणाचा वाटा किती, हे काही आम्हांला तोलून सांगता येणार नाही.

त्या वर्षी पहिल्या काही वराती बुडाल्या. उसनवारी करावी लागली. पण वैशाखातल्या लग्नांना घोडी पुन्हा उभी राहिली. काका आम्हांला म्हणाले, "चमक आली ते बरंच झालं. पण त्या दिवशी ही डबा वाचत बसली नसती, तर चमकायला घोडीच राहिली नसती."

तो तेलाचा डबा वाया गेला नाही. काकांनी त्याने घराचे दार रंगवले.

लक्षात ठेवा

१. केस राठ झाले तर आधी कारण शोधा. डॉक्टरांना दाखवा.
२. जवस उकळत्या पाण्यात, झाकण न ठेवता शिजवा. नाहीतर कोरडे दळून लगेच द्या.
३. भरडलेले जवस कोमट पाण्यात भिजत ठेवू नका.
४. १०० किलो वजनाला रोज २० ते २५ ग्रॅम पुरे. सुरुवात १० ग्रॅमने करा.
५. खवट, बुरशीचे किंवा पेरणीचे जवस नको. रंगाचे तेल तर नकोच नको.
६. सहा ते आठ आठवडे धीर धरा. रोज खरारा करा.
७. डब्यावर, पिशवीवर जे लिहिले असेल ते वाचल्याशिवाय जनावराच्या तोंडात काही घालू नका.